मर्ल ओबेरॉन आणि लेन्सजवळचा दिवा

हा चेहरा नीट पाहा. १९४४ चा कृष्णधवल चित्रपट ‘द लॉजर’, नायिका मर्ल ओबेरॉन. त्वचा नितळ दिसते, पण तिच्यावर व्रण होते. १९३७ मध्ये लंडनला झालेल्या मोटार अपघातात तिचा चेहरा जखमी झाला आणि ‘आय, क्लॉडियस’चं चित्रीकरण चालू होतं ते कायमचं थांबलं.

मर्ल जन्मली १९११ मध्ये, आपल्या मुंबईत. घराण्यात सिंहली रक्त, घरचं नाव क्वीनी, वाढली मुंबईत आणि कलकत्त्यात. निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डानं १९३३ मध्ये तिला पडद्यावर ॲन बोलिन, म्हणजे इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची राणी केलं. भूमिका अगदी छोटी, पण नाव झालं. प्रसिद्धीसाठी तिचं जन्मस्थान टास्मानिया ठरवण्यात आलं. भिन्न वंशांतलं प्रेम दाखवायला हॉलिवूडच्या आचारसंहितेनं आडकाठी केली होती. खरं सांगितलं असतं तर गोऱ्या नायकासमोर ती उभीच राहू शकली नसती. १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी ऑस्करचं नामांकन, १९३९ मध्ये ‘वुदरिंग हाइट्स’ची कॅथी, आणि एवढं मिळवूनही ती खोटी जन्मकथा तिला हयातभर सांभाळावी लागली. याची हळहळ वाटते.

‘द लॉजर’चा छायालेखक ल्यूशियन बॅलार्ड. मेकअपनं व्रणाचा रंग झाकला जातो, खळगा बुजत नाही. उजेड बाजूनं आला की खळग्याच्या कडेला सावली धरते आणि कॅमेरा तीच टिपतो. बॅलार्डनं एक छोटा दिवा कॅमेऱ्यावरच, लेन्सला जवळजवळ खेटून बसवला. जिथून कॅमेरा पाहतो तिथूनच उजेड, म्हणजे सावली पडली तरी कॅमेऱ्याच्या नजरेआड. मर्लच्या आडनावावरून त्या दिव्याला ‘ओबी’ म्हणू लागले. पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं.

ओबी बसवणं सोपं, सांभाळणं कठीण. नटी आठ फुटांवरून चार फुटांवर आली, की चेहऱ्यावरचा उजेड दुप्पट नाही, चौपट होतो आणि गाल पांढरेफटक पडतात. म्हणून ती चालत येत असताना दिवा हळूहळू मंद करत न्यायचा. विजेचा दाब उतरवला तर उजेड पिवळट होतो. कृष्णधवल फिल्मवर ते खपतं, रंगीत फिल्मवर नाही. तिथं दिव्यापुढे झडप किंवा जाळी लागते. शिवाय ओबी मुख्य दिव्यापेक्षा मंदच हवा. बरोबरीला आला तर नाकाचा उठाव जातो, गालफडं सपाट दिसतात. ‘द लॉजर’ तर धुक्यातल्या काळोख्या लंडनची गोष्ट. भोवतीचा अंधार राखून चेहरा तेवढा उजळायचा, बॅलार्डचं खरं कसब इथे आहे.

असा दिवा ओळखायचा असेल तर कुठल्याही चित्रपटाचा क्लोजअप थांबवा आणि डोळ्यांत पाहा. मुख्य दिव्याचा ठिपका बुबुळाच्या वरच्या भागात, एका बाजूला असतो. लेन्सजवळच्या दिव्याचा ठिपका, नजर कॅमेऱ्याकडे असेल तर, जवळजवळ मधोमध दिसतो.