खाऱ्या हवेतला सेलचा डबा

मंडळी, टेबलावर ठेवलेलं हे यंत्र आधी बघून घ्या. जुना मेटल डिटेक्टर आहे, आखातातून परत आलेल्या मावसभावाने मला दिलेला. खाली धातू हुडकणारी थाळीसारखी कॉइल, वर कोपरामागे हा डबा आणि डब्यात आठ पेन्सिल सेल. मालवण-देवबागच्या पुळणीवर कुणाची अंगठी पडली, कुणाची कुडी पडली की मला बोलावणं येतं. वखारीवालेही नेतात, कारण जुन्या वाशात राहिलेला एक खिळा करवतीच्या पात्याचे दात घालवतो. यंत्राचं काम अजून चोख आहे. बिघडला तो डबा, आणि आज मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

झालं असं, की हात डावीकडून उजवीकडे फिरवला की टोकाला पोचताच यंत्र ‘टक्’ असा आवाज द्यायचं. खणलं तर खाली काही नाही. मी वाळूला दोष दिला. ते साहजिकही होतं. ओली खारी वाळू वीज वाहून नेते, त्यामुळे एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारी जुनी यंत्रं पाण्याच्या कडेला बडबडतात. रत्नागिरीकडे काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोहाचं खनिज आहे, वर सड्यावर जांभ्यात लोह आहे. पंधरा दिवस मी जमिनीचा बॅलन्स करायची, म्हणजे वाळू-मातीचा आवाज दाबायची, कळ फिरवत बसलो. शेवटी रापणीवरचे एक म्हातारे काका जवळ आले, कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मशीन बरा आसा रे. सेल खडखडतत, ते बघ.”

डबा उघडला. आठ सेल म्हणजे नुसते टेकलेले सोळा सांधे. त्यातल्या तीन स्प्रिंगांवर पांढरी भुकटी, एका पत्र्यावर हिरवा थर. हात टोकाला जाऊन उलटा फिरला की सेल किंचित सरकायचा, सांधा क्षणभर सुटायचा आणि व्होल्टेज पडायचं. तोच तो ‘टक्’.

ही भुकटी कुठून येते ते समजून घ्या. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. सेल पूर्ण उतरला आणि तसाच आत राहिला की आत वायू साचतो, सील सुटतं आणि ते झिरपतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी भुकटी होते. ही भुकटी पाणी ओढते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाण्याला तोटा नाही. ती पुसायला कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्या, मग स्पिरिटने पुसून कोरडं करा. घरात कोकमाचं आगळ असतं म्हणून कुणी आगळ लावू नका. ते आंबट असलं तरी त्यात मीठ असतं, आणि मीठच तर आपल्याला बाहेर ठेवायचं आहे. स्वस्तातले झिंक-कार्बन सेल गळले असतील तर उलटं करायचं, कारण त्यांची गळती आम्लधर्मी असते. तिथे खायचा सोडा पाण्यात कालवून लावावा.

पॉलिशपेपर मात्र मारू नका. मी मारला होता. स्प्रिंग लखलखीत झाली आणि पंधरवड्यात तांबूस गंजली, कारण पोलादावरचा निकेलचा पातळ मुलामा मीच खरवडून काढला होता. मुलामा गेलेली स्प्रिंग खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही. म्हणून मी ठरवलं की सांधेच कमी करायचे: आठ सुट्या सेलांच्या जागी तीन लिथियम सेल पक्के जोडून एक पॅक करायचा.

आता हिशोब. नवा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा म्हणतात, पण कोरा असताना १.६ च्या आसपास भरतो. आठ मिळून १२.८. सेल एक व्होल्टपर्यंत उतरला तर आठांचे ८. म्हणजे आत्तापर्यंत या सर्किटने साधारण ८ ते १२.८ व्होल्ट पाहिले आहेत. १८६५० जातीचे तीन लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडले तर भरलेले असताना १२.६, आणि सेल फार उतरू न देणारं संरक्षक सर्किट साधारण ८-९ व्होल्टला पुरवठा तोडतं. दोन्ही पल्ले जवळजवळ जुळतात. जुळतात म्हणूनच मी हे केलं. तुमच्या यंत्रात चार सेल असतील किंवा नऊ व्होल्टचे चौकोनी सेल असतील, तर हा हिशोब तुम्हाला नव्याने मांडावा लागेल, माझा उचलू नका. आणखी एक धोका सांगतो. १४५०० नावाचा लिथियम सेल पेन्सिल सेलच्याच मापाचा असतो, पण ३.७ व्होल्टचा. तसे आठ सेल डब्यात बसले तर सर्किटला जवळजवळ ३० व्होल्ट मिळतील.

सेलवर घरी सोल्डर मारू नका, उष्णतेने सेल आतून खराब होतो. इलेक्ट्रिक स्कूटरचे पॅक जोडणाऱ्याकडून निकेलची पट्टी वेल्ड करून घ्या आणि तिथेच संरक्षक सर्किट बसवून घ्या. पॉझिटिव्ह तारेवर, पॅकच्या अगदी जवळ, एक अँपिअरचा फ्यूज टाका. तार होडीवर वापरतात तशी कल्हई केलेली घ्या, साधं तांबं इथे आतून काळं पडतं. जोडणीला उलटा बसूच न शकणारा दोन पिनांचा कनेक्टर घ्या, कारण कित्येक जुन्या यंत्रांत उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोडच नसतो. पाच व्होल्टच्या पॉवर बँकेला व्होल्टेज वाढवणारं सर्किट लावून चालवायचा मोह मात्र टाळा. त्याच्या स्विचिंगचा गोंगाट थेट कानात येतो.

मूळ डबा कापू नका. मी एक भोकही पाडलेलं नाही. जुने होल्डर पिशवीत ठेवले आहेत, उद्या पुन्हा पेन्सिल सेल घालायचे तर घालता येतील. १८६५० हा १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. माझ्या डब्यात सेल दोन-दोन लांबीने बसत होते म्हणून जागा मिळाली. उरलेल्या पोकळीत जुन्या स्लीपरचा तळवा कापून घट्ट बसवला, म्हणजे खडखड संपली. वजन मात्र सुमारे ४५ ग्रॅमने घटलं आणि यंत्र नाकावर, म्हणजे कॉइलच्या बाजूला, पडायला लागलं. तासाभरात मनगट भरून आलं. मग पागाच्या जाळ्याला लावतात त्यातली शिशाची दोन वजनं डब्याच्या तळाशी बसवली. तिथून कॉइल लांब आहे, तिला त्यांचा पत्ता लागत नाही.

चार्जिंगसाठी १२.६ व्होल्टचा लिथियमचाच चार्जर, आणि पॅक डब्याबाहेर काढून. मे महिन्यात बंद गाडीत पॅक ठेवू नका.

हे यंत्र घेऊन सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्गावर मात्र जाऊ नका. ती संरक्षित स्मारकं आहेत, तिथे खणणं गुन्हा आहे. इतरत्रही जमिनीत दडलेली जुनी ठेव दहा रुपयांहून जास्त किमतीची सापडली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरना कळवावं लागतं.

पहिल्यांदा जोडताना आधी मल्टिमीटरने पॅकची दोन्ही टोकं तपासा, मग तारेच्या वाटेत बारा व्होल्टचा लहानसा बल्ब घाला. बल्ब भक्कन पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच काढा. जेमतेम लुकलुकून विझला तर बल्ब काढून सरळ जोडणी करा. बल्ब, मीटर आणि उघडा डबा इथे टेबलावर आहे. ज्यांनी आपली यंत्रं आणली आहेत त्यांनी आधी सेल बाहेर काढा आणि मग पुढे या.