काठी माळ्यावर कुणी ठेवली?

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, आणि तो झालेल्या बाईचा घरात होणारा छळ. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलीनचं वेष्टण असतं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ते कुरतडायला लागते, तो हा आजार. बहुधा विशी ते चाळिशीत गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. आज पाय उचलत नाही, महिन्याभरानं बाई पुन्हा चालती. वैशाखात गॅससमोर उभी राहिली की नजर धूसर होते, कारण उष्णतेनं लक्षणं बळावतात. घरचे म्हणतात, "पोळ्यांची वेळ झाली की हिची नाटकं सुरू."

माझ्या ओळखीच्या एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत. त्यांनी सांगितलेली हकिगत मी जिथं बोलायला जाते तिथं सांगते, आज तुम्हीही ऐका. त्यांच्याकडे एक तिशीतली पेशंट यायची, नवऱ्याच्या दंडाला धरून. नवरा अगदी गोडबोल्या. प्रश्न हिला, उत्तर त्याचं. झोप लागते का? "लागते हो." जेवण? "व्यवस्थित." एके दिवशी बाईंनी विचारलं, "ताई, तुम्हाला काठी लिहून दिली होती, ती कुठंय?" नवरा म्हणाला, "लागत नाही तिला. उगाच सवय व्हायची."

बाई हुशार. म्हणाल्या, "दादा, खाली जाऊन तेवढा केसपेपर काढून आणता? रांग असेल जरा." तो जिना उतरला आणि ही इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली. "काठी माळ्यावर टाकलीय. माझा हात पोचत नाही."

माळा! आपल्या घरातली ही जागा मला कधीच आवडली नाही. घंगाळ, फुटकी सुटकेस, रद्दीत द्यायचे राहिलेले दिवाळी अंक, आणि त्यात एका बाईची काठी. असो.

बाईंनी मग सहज विचारलं, "ओठ इतके का सुकलेत?" तर सासूबाई सकाळच्या चहानंतर पाणीच देत नव्हत्या. एमएसमध्ये लघवी आवरत नाही, सारखं संडासला न्यावं लागतं. म्हणून पाणीच बंद! आणि आळीत सगळे म्हणत होते, "नवरा किती सोसतोय बिचारा." बायको नवऱ्याचं वर्षानुवर्षं करते तेव्हा तिला बिचारी म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. सांभाळणारं माणूस दमतं, चिडतं, हे मला मान्य आहे. पण पाणी तोडणं याला दमणं म्हणत नाहीत.

त्यानंतर दर खेपेला बाईंनी नवऱ्याला काही ना काही कामाला खाली धाडलं आणि ती जे सांगेल ते तारखेसकट तिच्या फाइलीत लिहून ठेवलं. पुढं घरातल्या छळाच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी संरक्षण अधिकाऱ्यांपुढं तीच फाइल कामी आली. काठी खाली आली, आणि तिनं घर सोडलं नाही.

म्हणून डॉक्टर, नर्सताई, आशाताई, तुम्हाला सांगते, बाईला एकटीला विचारा. पुन्हा सांगते, एकटीला. सोबत आलेलं माणूसच त्रास देणारं असेल, तर त्याच्यादेखत ती काय बोलणार?

कायद्याचं थोडक्यात. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५चा. त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, लैंगिक छळ आणि पैशाची कोंडी करणंही येतं. आरोग्य धोक्यात आणणं हीसुद्धा हिंसाच, मग औषध लपवा नाहीतर पाणी तोडा. राहत्या घरात राहायचा हक्क बाईला आहे. वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. २०१६च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत एमएसचं नाव आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढून घ्या. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत छळ सोसणाऱ्या बायकांना मदत करणारी 'दिलासा' केंद्रं आहेत. पहिलं २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात निघालं.

हेल्पलाइन १८१. एक, आठ, एक. फोन घरात कुणी तपासत असेल तर शेजारणीच्या नाहीतर दवाखान्यातल्या फोनवरून लावा. बोलताना जीभ जड होत असेल, तर जवळच्या माणसाला बोलायला सांगा. तुमच्या वतीनं दुसऱ्यानं कळवलेलंही कायद्याला चालतं. नमस्कार.