गार की गरम? लॉबस्टर रोलचा वाद

नमस्कार श्रोतेहो! अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मेन आणि कनेटिकट अशी दोन राज्यं आहेत. लॉबस्टर रोल, म्हणजे लांबट पावात भरलेलं लॉबस्टरचं मांस, दोन्हीकडे मिळतो, पण एकाचा रोल दुसऱ्याच्या घशाखाली उतरत नाही.

मेनमध्ये लॉबस्टर उकडून गार करतात. त्याचे ठसठशीत तुकडे चमचाभर मेयोनीजमध्ये जेमतेम माखले की पावात भरायचे, झालं. कनेटिकटमध्ये तेच तुकडे वितळलेल्या लोण्यात गरम करून वाफाळते वाढतात. या गरम रोलची सुरुवात मिलफर्डच्या ‘पेरीज’ या हॉटेलात १९२०च्या दशकात झाली, असं सांगतात.

पावाबद्दल मात्र बहुतेकांचं जमतं. हा लांबट पाव बाजूने नाही, वरून चिरलेला असतो आणि त्याच्या दोन्ही कडा कापल्यासारख्या सपाट असतात. त्यांना लोणी लावून तव्यावर खरपूस भाजलं की बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत!

मग माणसं चिडतात कशावरून? सेलरी या कुरकुरीत देठांच्या भाजीवरून. बारीक चिरलेली सेलरी घातल्याने कुरकुरीतपणा येतो, असं काहीजण म्हणतात. कट्टर मंडळींना ती निव्वळ भरती वाटते, आणि इथे मी कट्टरांच्या बाजूने. एवढे पैसे मोजायचे ते काय पालेभाजीसाठी?

मेनमधल्या विस्कॅसेट गावात ‘रेड्स ईट्स’ नावाची टपरीवजा जागा आहे. उन्हाळ्यात तिथे फुटपाथवर लांबच लांब रांग लागते. रोलमध्ये मांस नुसतंच भरतात. लोणी नि मेयोनीज वेगळं देतात. घ्या काय हवं ते! मेनमध्ये राहून लोण्याला एवढा मान देणं, ही हुशारीच म्हणायची.

आपल्या कोकणातल्या शेवंडाला मोठ्या नांग्या नसतात. तिकडच्या लॉबस्टरला असतात आणि नांगीचं मांस शेपटीपेक्षा मऊ, गोडसर. म्हणून रोलमध्ये अख्खी नांगी वर दिसली की गिऱ्हाईक खूश. शेवंडाचा रोल करायचा तर सगळी मदार शेपटीवर, तेव्हा तुकडे जरा लहानच ठेवा.

माझं मत विचाराल तर गरम रोल. मेयोनीजखाली शिळं मांस खपून जातं, लोण्यात ते लगेच कळतं. फक्त आच मंद हवी. मांस आधीच शिजलेलं असतं. लोणी कडकडीत तापलं, की ते चिवट झालंच म्हणून समजा.