समुद्रानं केलेलं आमचं भरीत

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या खानदेशात मे महिन्यात माणूस दोनच गोष्टी मागतो: थोडा वारा आणि थोडं पाणी. काही वर्षांपूर्वी मला दोन्ही एकदम मिळाल्या, बंगालच्या उपसागरात.

अंदमानला जायचं ठरलं. विमान महाग, म्हणून मी जहाजाची तिकिटं काढली. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर, जवळजवळ तीन दिवस. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, शेव. मोसमी पाऊस केरळच्या आधी अंदमानात पोचतो, साधारण 22 मेच्या सुमारास, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलेलं. तिकीट काढताना तेवढं आठवलं नाही.

पहिली संध्याकाळ झकास गेली. पहाटे मात्र जहाज आधी मागे-पुढे डोललं, मग डावी-उजवीकडे, आणि मग नेमकं कुठे डोलतंय हे बघण्यात अर्थ उरला नाही. मी बर्थचा दांडा धरून पडलो. समोरच्या खुंटीवरचा टॉवेल भिंत सोडून माझ्याकडे यायचा, विचारपूस करून परत जायचा. खालून हिचा आवाज आला, "माय वं! तुमच्या चटणीचं झाकण लावा आधी!" बेसिनपाशी रांग. एरवी एसटीत खिडकीसाठी भांडणारी आपली माणसं, पण इथे ज्याची वेळ भरली त्याला सगळे मुकाट्यानं वाट देत होते.

एका खलाशाला दया आली. "चाचा, ऊपर चलो, दूर देखो." आता समजतं, तो बरोबर होता. बंद खोलीत डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते हलतंय. भांडण या दोघांचं, मार खातं पोट. वर क्षितिजाकडे बघत बसलो तेव्हा जरा निभावलं. ब्रिटिश आरमाराचा तो नेल्सन, त्यालाही बोट लागायची म्हणे. ऐकून बरं वाटलं, उलटी थांबली नाही.

तिसऱ्या दिवशी धक्क्यावर उतरलो तर जमीनही डोलायला लागली. सेल्युलर जेलसमोर हात जोडून उभा राहिलो, तेही झुलत झुलत. हिनं माझा दंड घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "अहो, परतीची तिकिटं विमानाची आहेत ना?"

मी जेलच्या भिंतीकडे बघत राहिलो.