साय-फायची क्रमवारी लावताय? आधी दहापैकी गुण देणं बंद करा

नमस्कार मंडळी. आवडत्या साय-फाय आणि फँटसी सिनेमांची यादी करायला बसलं की पहिली तीन नावं पटकन सुचतात. तळाची तीनही सुचतात. घोळ होतो तो मधे. ह्याला साडेआठ, त्याला साडेआठ, तिसऱ्यालाही आठच्या खाली ढकलवत नाही, आणि निम्मी यादी एकाच पायरीवर येऊन बसते.

म्हणून गुण सोडा, चिठ्ठ्या घ्या. 15 सिनेमे, 15 चिठ्ठ्या. पहिल्या दोन वर-खाली लावा. पुढची प्रत्येक चिठ्ठी लागलेल्या रांगेच्या बरोबर मधल्या चिठ्ठीशी भिडवा. वर की खाली? मग उरलेल्या अर्ध्या रांगेतल्या मधलीशी. रांगेत 7 असतील तर आठवीची जागा 3 प्रश्नांत सापडते, 14 असतील तर 4 प्रश्नांत. सगळी यादी जास्तीत जास्त 45 तुलनांत लागते. प्रत्येकाला प्रत्येकाशी भिडवायचं तर 105 लागतील, आणि साठाव्यापाशी डोकं चालेनासं होतं.

(चिठ्ठ्यांचा क्लोज-अप)

प्रश्न मात्र शेवटपर्यंत एकच ठेवा: 'आज रात्री ह्यातला एकच पुन्हा बघायचा, तर कुठला?' प्रश्न बदलला की चक्र तयार होतं. दृश्यांसाठी 'ब्लेड रनर'ला 'एलियन'च्या वर ठेवलं, ताणासाठी 'एलियन'ला '2001: अ स्पेस ओडिसी'च्या वर, आणि कल्पनेच्या झेपेसाठी '2001' पुन्हा 'ब्लेड रनर'च्या वर. आता पहिला कोण? सांगताच येत नाही. रांग पूर्ण झाली की एक सोडून एक अशा 13 जोड्या तपासा, पहिला-तिसरा, दुसरा-चौथा. उलटं उत्तर आलं तर समजा, मधेच कुठेतरी मोजपट्टी बदलली.

आता सगळ्यात जास्त भांडणं लावणारी गोष्ट: आवृत्ती. 'ब्लेड रनर' म्हणजे नेमका कुठला? 1982 साली अमेरिकेत थिएटरात लागला त्यात नायकाचं निवेदन आहे आणि शेवट गोड आहे. 1992च्या आवृत्तीत दोन्ही काढलं आणि एकशिंगी घोड्याचं स्वप्न घातलं. त्या काही सेकंदांनी कृत्रिम माणसांची शिकार करणारा नायक स्वतः तरी खरा माणूस आहे का, हाच प्रश्न उभा राहतो. 2007चा 'फायनल कट' आणखी वेगळा. चिठ्ठीवर साल लिहा. माझं मत विचाराल तर 1982चा माझ्या पहिल्या पाचांत येत नाही, 2007चा येतो.

मालिका ह्या रांगेत घालूच नका. 'फायरफ्लाय'चे अवघे 14 भाग, मूळ 'स्टार ट्रेक'चे तीन सीझनमध्ये 79. चौदा भागांना घसरायला वेळच मिळाला नाही, हे लक्षात घ्या. 'द ट्वायलाइट झोन'मध्ये तर दर भागाची गोष्ट वेगळी, तिथे मालिकेला नाही, भागांना क्रम लावा.

लेखकांचीही यादी वेगळीच. निदान तीन पुस्तकं वाचलेली नसतील तर नाव घालू नका. एकच वाचलं असेल तर क्रम पुस्तकाला द्या, लेखकाला नको. आणि सिनेमाचं श्रेय आंधळेपणाने मूळ कादंबरीला देऊ नका. '2001'ची कादंबरी आर्थर क्लार्कने सिनेमाच्या जोडीनेच लिहिली, दोन्ही 1968 साली आले. सिनेमातलं यान गुरूकडे जातं, कादंबरीतलं शनीकडे!

राहिला नुकताच पाहिलेला सिनेमा. तो हमखास वरच जाऊन बसतो. त्याची चिठ्ठी तीन महिने बाजूला ठेवा, मग पुन्हा काढा. 15च्या रांगेत सोळाव्याला चारच प्रश्न लागतात, आणि तळाचा बाहेर जातो.