साखर तपासता, मग हात का बघत नाही?

(कोल्हापुरातल्या एका आरोग्य व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी सगळ्यांनी नमस्कार करा. मला नको, स्वतःच्याच हातांसाठी. कोपरं बाजूला उचला आणि तळवा तळव्याला पुरता टेकवा. बोटांमध्ये फट राहतेय? मग हात तसाच ठेवा आणि शेजाऱ्याला दाखवा. मागच्या रांगेतले काका हसतायत, पण फट मला इथून दिसतेय. काका, साखर कधी तपासली होती?

माझी तक्रार जुनी आहे. मधुमेहाच्या तपासणीत पाय बघतात, बोटांच्या बेचक्या उघडून बघतात, आणि बघायलाच हवं. पण हात? पेशंट रक्त द्यायला हात पुढे करतो, सुई टोचतात, कापूस दाबतात. पण तळव्यावरून बोट कोणी फिरवत नाही. साखर बरीच वर्षं चढी राहिली की कातडीतलं आणि सांध्याभोवतीचं कोलॅजन, म्हणजे धागेदार प्रथिन, कडक होतं. त्यातून ही नमस्काराची फट येते. बोट मिटल्यावर खटकन अडकणारा ट्रिगर फिंगरही मधुमेह्यांत जास्त, आणि आज ज्यासाठी मला बोलावलंय तो, तळव्यात दोरी येऊन बोट वाकवणारा ड्युपिट्रेनचा आजारही.

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. हातात ग्राइंडर धरून जन्म गेलेला. करंगळीशेजारच्या बोटाखाली तळव्यात गाठ आली तेव्हा त्यांना वाटलं, घट्टा असेल. तिथं सगळ्यांच्याच हाताला घट्टे. गाठीची झाली ताठ दोरी, आणि बोट वाकायला लागलं. कोणी म्हणालं शीर आखडली, कोणी म्हणालं वात. रोज सकाळी कोमट तेल लावून बोट ओढायचं काम सुरू झालं. एकानं तर रात्रभर पट्टीला आवळून ठेवलं, सकाळी हात सुजलेला. त्यानंतर एका दवाखान्यात ‘वय झालं, चालायचंच’ असं ऐकून घरी. साखरेच्या गोळ्या तिथूनच चालू होत्या, तरी हात कोणी हातात घेतला नाही.

माझ्यापर्यंत आले तेव्हा नख तळव्यात रुतत होतं. घडीतली कातडी ओलसर, पांढरी पडलेली. तोंड धुताना बोट डोळ्यात जायचं, हात खिशात जात नव्हता, हातमोजा चढत नव्हता. त्यांच्या मंडळी म्हणाल्या, “डाक्टर, भाकरी मोडताना बी बोट मधी येतंय हो.” ती ताठ दोरी म्हणजे शीर नाही आणि बोट मिटवणारा स्नायूबंधही नाही. ती असते कातडीखालची, तळव्याची पातळ पडदी, जाड होऊन आखडलेली. म्हणून तेलानं ती सुटत नाही.

हे दाखवणारा माणूस पॅरिसचा. गियोम ड्युपिट्रेनला बोटं अशीच वाकलेल्या एका मेलेल्या म्हाताऱ्याचा हात मिळाला. त्यानं कातडी सोलली, तरी बोटं वाकलेलीच. मग ती पडदी कापली, आणि बोटं सुटली. स्नायूबंध धडधाकट होते. 1831 साली एका दारूच्या व्यापाऱ्याच्या हातावर त्यानं शस्त्रक्रिया केली आणि त्याच वर्षी व्याख्यानात हे सगळं सांगितलं. त्याच्याआधी हेन्री क्लाइन आणि अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज सर्जननी पडदीचं कारण ओळखलं होतं, पण आजाराला नाव याचं लागलं.

हा आजार उत्तर युरोपातल्या वंशांत जास्त, आपल्याकडे कमी. म्हणूनच तो आपल्याकडे ओळखू येत नाही, असं माझं ठाम मत आहे. घराण्यात असेल तर धोका मोठा. पुरुषांत जास्त, पन्नाशीनंतर जास्त. मधुमेह, दारू, तंबाखूचा धूर, आणि वर्षानुवर्षं हादरणारी यंत्रं. उद्यमनगर आणि शिरोलीचे कारखानदार इथं बसलेत, त्यांनी वार्षिक तपासणीत कामगारांचे तळवे बघायला लावावेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, म्हणजे शस्त्रक्रिया आता भराभर.

नुसती गाठ असेल तर सहसा कापत नाही, लक्ष ठेवतो. हात टेबलावर सपाट ठेवून बघा, तो टेकेनासा झाला की मात्र या. बोटाच्या मुळाचा सांधा साधारण 30 अंश वाकला, किंवा मधला सांधा वाकायला लागला, की शस्त्रक्रियेचा विचार होतो. मधला सांधा हट्टी असतो. उशीर झाला तर त्याच्या आजूबाजूचे बंधही आखडतात, आणि दोरी काढूनही बोट पुरतं सरळ होत नाही. त्या गृहस्थांचं असंच झालं. भाकरी आता मोडतात, पण बोट थोडं वाकडं राहिलं.

एक मार्ग सुईचा: जागा बधिर करून सुईच्या टोकानं दोरी तोडायची, त्याच दिवशी घरी. पण आजार उलटण्याचं प्रमाण यात जास्त. दोरी विरघळवणाऱ्या कोलॅजनेजच्या इंजेक्शनला अमेरिकेत 2010 साली मान्यता मिळाली, युरोपच्या बाजारातून मात्र कंपनीनं ते 2020 मध्ये काढून घेतलं. तिसरा मार्ग उघडून आजारी पडदी काढण्याचा. इथं बोटाची नस कधीकधी दोरीभोवती पिळा घालून गेलेली असते, म्हणून भिंग लावून, सावकाश. आजार उलटून आलेल्या हातात कधी कातडीही बदलावी लागते.

टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, पण व्यायाम त्याआधीच सुरू करायचा. दुखतंय म्हणून मूठ गळ्यात बांधून बसलात तर बोट पुन्हा ताठरतं. शस्त्रक्रियेआधी साखर आटोक्यात आणा, नाहीतर जखम चिघळते. विडी-सिगारेट सोडून या. आणि काढलेल्या जागी किंवा शेजारच्या बोटात आजार पुन्हा येऊ शकतो, हे मी प्रत्येकाला टेबलावर घेण्याआधीच सांगतो. आता प्रश्न विचारा.