गालिचा उलटा करून बघा

(दृश्य: दुकानातल्या उभ्या गुंडाळ्या. एक हात नमुन्यावरून फिरतो.)

हा हात बघा. नमुन्यावरून एकदा फिरला आणि खरेदी जवळजवळ ठरली. मऊ लागतोय ना, मग चांगलाच असणार!

पण घरी गेल्यावर या गालिच्यावर हात फिरणार नाहीत, पाय पडणार आहेत. तेही रोज ठरलेल्या वाटेनं, दारापासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून दारापर्यंत. पाय उचलल्यावर दबलेला धागा पुन्हा उभा राहील का, हे निवडताना बघायचं. गालिचा किती वर्षं गालिच्यासारखा दिसेल, ते यावरच ठरतं. आणि याचं उत्तर तळहाताला कळत नाही. त्यासाठी गालिचा उलटा करावा लागतो.

(दृश्य: कारखाना. सुयांची लांब रांग वरखाली होते.)

आज घराघरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरले जाणारे बहुतेक गालिचे विणलेले नसतात. शेकडो सुया एका रांगेत खाली येतात, पातळ कापडातून धागा आरपार ढकलतात आणि पलीकडे त्याचा फास तयार होतो. फास तसाच ठेवला, की तो लूप. पात्यानं कापला, की धाग्याचं टोक मोकळं होतं. तो कट पाइल. मागून लॅटेक्सचा लेप देतात आणि त्यावर आणखी एक कापड चिकटवतात. म्हणजे यात गाठ कुठेच नसते. धागा जागेवर राहतो तो लेपाच्या जोरावर.

हाताच्या गाठींचा गालिचा ही वेगळीच गोष्ट. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात, पाझिरिक इथल्या एका थडग्यात १९४९ साली पुरातत्त्वज्ञ सेर्गेई रुदेंको यांना बर्फात गोठलेला एक गालिचा सापडला. जवळजवळ चोवीसशे वर्षांपूर्वीचा. चौरस मीटरमागे सुमारे ३ लाख ६० हजार गाठी! आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे, आणि त्यावरची हरणं अजून स्पष्ट दिसतात. बर्फानं त्याला सांभाळलं हे खरं, पण त्या हातांचं कसब बघितलं की थक्क व्हायला होतं.

(दृश्य: नमुना पाठीकडे दुमडला जातो. धाग्यांमधली फट.)

आता आपला नमुना हातात घ्या आणि पाठीकडे दुमडा. धाग्यांच्या मधून खालचं कापड सहज दिसलं, तर गालिचा विरळ आहे. दाट धागे एकमेकांना टेकून उभे राहतात. विरळ असले, की प्रत्येकाला एकट्यानंच भार सोसावा लागतो. उंच आणि विरळ धाग्यांचा गालिचा दुकानात सर्वांत मऊ लागतो आणि घरात सर्वांत आधी आडवा होतो. उंची आणि दाटपणा यांतून एकच निवडायचं असेल, तर मी डोळे मिटून दाटपणा निवडेन.

दुसरी खूण म्हणजे पीळ. कट पाइलमधल्या एका धाग्याचं टोक जवळून बघा. पीळ घट्ट आणि टोक बांधेसूद असेल, तर उत्तम. टोक आत्ताच पिंजारलेलं असेल, तर वर्दळीच्या वाटेवर ते लवकरच विस्कटेल आणि स्वच्छ गालिचाही मळकट दिसू लागेल. कारखान्यात पीळ दिलेल्या धाग्याला उष्णता देऊन तो पीळ कायम करतात. सुंभ जळाला तरी पीळ जाऊ नये, असा धागा हवा.

मग तंतू कोणता घ्यायचा? वॉलेस कॅरदर्स यांनी १९३५ साली ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत तयार केलेलं नायलॉन दबलं तरी चांगलं सावरतं, म्हणून जिने आणि वर्दळीच्या खोल्यांसाठी मी त्याचंच नाव घेईन. मात्र ते रंग सहज धरतं, त्यामुळे डागही धरतं; डागरोधक प्रक्रिया केली आहे का, ते विचारा. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही, पण तेलकट डाग त्याला चिकटून बसतात. शिवाय ते साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं. त्यावरून जड कपाट ओढलं, तर नुसत्या घर्षणानं चकाकती रेघ उमटू शकते, आणि ती पुसून जात नाही. पॉलिएस्टर रंगाला देखणं, पण दबलं की सावरायला कच्चं.

लोकर या सगळ्यांहून जुनी. तिचा तंतू मुळातच कुरळा असतो, म्हणून तो दबला तरी परत उसळतो. हवेतली आर्द्रता ती वजनाच्या जवळजवळ तीस टक्क्यांपर्यंत पोटात घेते, तरी ओली लागत नाही. ठिणगी पडली, तर वितळण्याऐवजी काळवंडते आणि बहुतेकदा आपोआप विझते. कसरीच्या अळ्या मात्र तिच्यावर जगतात, म्हणून जड सामानाखालचे, कधीच न झाडले जाणारे कोपरे सांभाळावे लागतात.

घरात मांजर असेल, तर लूप टाळा. एका नखात एक फास अडकला, तर अख्खी ओळ उसवत जाते.

रंगासाठी नमुना घरी आणा. हातात धरून नव्हे, जमिनीवर पसरून बघा. दिवसा आणि रात्री दिव्याखालीही. धागे एका दिशेला किंचित कललेले असतात, त्यामुळे तोच रंग एका बाजूनं गडद आणि दुसऱ्या बाजूनं फिका दिसतो.

(दृश्य: खोलीचा आराखडा. त्यावर पेन्सिलीनं ओढलेली जोडरेषा.)

हा कल मोजमापातही आडवा येतो. गुंडाळीची रुंदी ठरलेली असते, बहुधा १२ फूट किंवा ४ मीटर. खोली त्याहून रुंद असली, की जोड आलाच. दोन्ही तुकड्यांचा कल एकाच दिशेला हवा, नाहीतर एका खोलीत दोन रंग दिसतील. जोड दारातल्या वाटेवर येऊ देऊ नका. तो कुठे येणार, हे पैसे देण्याआधी कागदावर काढून मागा.

सर्वांत जास्त हयगय होते ती अस्तराची, म्हणजे गालिच्याखाली वेगळ्या अंथरलेल्या थराची. जाड आणि लुसलुशीत अस्तर पायाला सुखावतं, पण प्रत्येक पावलागणिक गालिच्याची पाठ वाकत राहते आणि जोड सुटू लागतात. अस्तर दाट हवं, आणि घरासाठी जाडी साधारण ११ मिलिमीटरच्या आत. जुन्या, दबलेल्या अस्तरावर नवा गालिचा अजिबात नको. काँक्रीटच्या फरशीत ओल असेल, तर ती आधी मिटवा.

(दृश्य: भिंतीकडेच्या खिळेपट्ट्या. गालिचा ताणला जातो.)

बसवताना गालिचा कडेच्या खिळेपट्ट्यांवर ताणून अडकवतात. मोठ्या खोलीत गुडघ्यानं ढकलायचं छोटं अवजार पुरत नाही. भिंतीला टेकवून ताणणारं यंत्र लागतं. ते वापरणार का, हे आधीच विचारा. ताण कमी पडला, की काही काळानं गालिच्यावर लाटा उठतात. नवेपणाचा वास मुख्यतः पाठीवरच्या लॅटेक्सचा असतो. काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा. सुरुवातीला कट पाइलचे, विशेषतः लोकरीचे, तंतू गळतात. त्याची काळजी नको.

कारागीर निघण्याआधी उरलेले तुकडे मागून घ्या. पुढे कुठे जळकं किंवा न निघणारा डाग पडला, तर तेवढाच भाग कापून तिथे तुकडा बसवता येतो. नंतर तोच प्रकार विकत आणला, तरी रंगाची खेप वेगळी असते आणि ठिगळ उठून दिसतं.